चावून सोडताना कळ येते? दाताला गेलेला तडा समजून घेऊ

"दाढ रोज दुखत नाही हो. पण भाकरीचा कडक पापुद्रा त्या बाजूला आला की मस्तकापर्यंत कळ जाते. दुसऱ्या क्षणी काही नाही."

दाताच्या दवाखान्यात ही तक्रार नेहमी कानावर येते. सांगणाऱ्यानं तोवर महिनोन्महिने एकाच बाजूनं जेवायची सवय करून घेतलेली असते. कुणी एक्स-रे काढून आणलेला असतो आणि त्यात ना कीड दिसते, ना सूज, ना पू. कुणी दात आंबत असतील म्हणून टूथपेस्ट बदलून पाहिलेली असते. घरच्यांना तर वाटायला लागलेलं असतं की हा माणूस उगीच बाऊ करतोय.

असं वर्णन ऐकलं की पहिली शंका घ्यायची ती दाताला तडा गेल्याची. किडीचा खड्डा आरशात दिसतो, जिभेला लागतो. तडा केसाहून बारीक असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही आणि बहुतेक वेळा एक्स-रेतही येत नाही. त्याचा माग लागतो तो मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून: काय खाताना दुखलं, चावताना की सोडताना, थंड पाण्यानं आलेली कळ किती वेळ राहिली. एवढं नीट सांगता आलं तर दात वाचण्याची शक्यता खरोखर वाढते. म्हणून तडा म्हणजे काय, तो का जातो आणि त्यावर काय करता येतं हे सविस्तर समजून घेण्यासारखं आहे.

इतका कठीण दात तडकतो कसा?

दाताचं बाहेरचं आवरण, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाच्या हिशेबात त्यात सुमारे ९६ टक्के खनिजं असतात. दाढेच्या उंचवट्यांवर त्याची जाडी साधारण अडीच मिलिमीटरपर्यंत असते. पण कठीण पदार्थ ठिसूळही असतो. त्याच्या आत असतं डेंटिन. त्यात खनिजं सुमारे ७० टक्के, बाकी कोलॅजेन नावाचं प्रथिन आणि पाणी. त्यामुळे डेंटिन थोडं लवचीक असतं आणि वरच्या कडक कवचाला आतून आधार देतं. या दोन थरांचा सांधा विलक्षण आहे. इनॅमलमध्ये सुरू झालेली भेग बहुतेक वेळा या सांध्यापाशी येऊन थांबते. चाळिशीनंतर समोरच्या दातांवर उजेडात ज्या उभ्या बारीक रेषा दिसतात, त्या अशाच तिथे थांबलेल्या भेगा. त्यांची काळजी करायचं कारण नाही.

भेग हा सांधा ओलांडून डेंटिनमध्ये शिरली की खरा प्रश्न सुरू होतो. हाड मोडलं तर ते सांधतं, कारण हाडात जिवंत पेशी असतात, रक्तपुरवठा असतो. दात हिरडीतून बाहेर येतो तोवर इनॅमल तयार करणाऱ्या पेशी नाहीशा झालेल्या असतात. डेंटिनच्या आतल्या बाजूला नसेजवळ थोडा नवा थर तयार होऊ शकतो, पण त्यानं तडा बुजत नाही. त्यामुळे तडा आपोआप भरून येईल ही आशा धरण्यात अर्थ नाही. तो आहे तिथे थांबेल किंवा पुढे सरकेल. आणि दर जेवणाला त्याच्यावर दाब पडतच असतो.

हा दाब थोडाथोडका नसतो. जोर लावून चावलं तर तरुण, धडधाकट माणसाच्या दाढांवर ६०-७० किलो वजनाइतका जोर येऊ शकतो. रोजच्या जेवणात त्याचा थोडाच भाग लागतो. पण मऊ भात खाताना मध्येच खडा आला तर जबड्याला सावरायला वेळ मिळत नाही. सगळा जोर उंचवट्याच्या एका टोकावर, सुईच्या टोकाएवढ्या जागेवर येतो. "काल खडा लागला आणि तेव्हापासून..." असं रुग्ण सांगतात तेव्हा त्यात तथ्य असतंच. मात्र बहुतेक वेळा तो दात आधीपासून कमकुवत झालेला असतो आणि खड्यानं शेवटचं काम केलेलं असतं.

कळ सोडताना का येते?

१९६४ साली कॅमेरॉन या अमेरिकी दंतवैद्यानं या तक्रारीला 'क्रॅक्ड टूथ सिंड्रोम' असं नाव दिलं. तेच आज जगभर वापरलं जातं. या दुखण्याची खूण अगदी ठरावीक आहे. काही जणांना चावताना दुखतं, पण पुष्कळांना दात दाबून धरला तेव्हा फारसं काही होत नाही आणि दाब सोडला त्या क्षणी सणक जाते.

कारण असं आहे. डेंटिन भरीव नसतं. त्यात नसेपासून बाहेरच्या दिशेनं जाणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो. त्यांच्यात द्रव असतो. हा द्रव झटकन हलला की नसेजवळच्या मज्जातंतूंना कळ जाणवते. हे स्पष्टीकरण स्वीडनच्या ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात मांडलं. थंड पाण्यानं दात का शिणशिणतात, याचंही उत्तर तेच. आता तडा गेलेल्या दाढेचा विचार करा. चावल्यावर तड्याच्या दोन्ही बाजू किंचित फाकतात. सोडल्यावर त्या एकदम मिटतात आणि आतला द्रव झटक्यात हलतो. कळ येते ती या झटक्याची. म्हणूनच ती विजेसारखी येते आणि लगेच जाते.

आणखी एक गोष्ट रुग्णांना फार गोंधळात टाकते. दुखणारा दात कोणता, हेच सांगता येत नाही. कधी वरचा वाटतो, कधी खालचा, कधी कान दुखतोय असं वाटतं. यात तुमचा दोष नाही. दाताच्या नसेला दुखणं कळतं, पण ते कुठून येतंय हे नेमकं सांगण्याची सोय तिच्यात नाही. ती सोय मुळाभोवतीच्या अस्थिबंधात असते. दुखणं तिथवर पोचेपर्यंत मेंदूला पत्ता नीट लागत नाही. म्हणून "कुठला दात ते कळत नाही" असं सांगायला संकोच करू नका. तेही डॉक्टरांच्या कामाचंच असतं.

तडा जाण्याची कारणं

पहिलं कारण आपल्या सवयींत आहे. आपल्याकडे सुपारी अडकित्त्यानं कातरायची रीत आहे, तरी अख्खी सुपारी किंवा मोठी खांडं दाढेखाली फोडणारे घरोघरी सापडतात. सुपारी तोंडाच्या कर्करोगाचं कारण आहे हे सिद्ध झालेलं आहे, आणि दाढांसाठीही ती वाईटच. त्याशिवाय मटणाची नळी फोडणं, ऊस दातानं सोलणं, बाटलीचं झाकण दातानं उघडणं, सरबतातला बर्फ कडाकडा चावणं, मक्याच्या लाह्यांतले न फुललेले दाणे फोडणं. शिवणकाम करणाऱ्यांना दातानं दोरा तोडायची सवय असते. त्यात समोरच्या दातांच्या कडा झिजतात आणि टवके उडतात. डोक्याला लावायच्या पिना दातानं उघडण्याचंही तसंच.

दुसरं कारण झोपेत दात खाण्याचं. रात्री दात एकमेकांवर घासणं किंवा घट्ट आवळून धरणं यात जोर जेवणापेक्षा जास्त असू शकतो आणि तो पुष्कळ वेळ चालतो. दोन दातांमध्ये अन्नाचा थर नसल्यानं दात थेट दातावर आपटतो. अनेकांना स्वतःला याचा पत्ताच नसतो. शेजारी झोपणारा सांगतो, किंवा सकाळी उठल्यावर गाल नि कानशिलं आंबून गेल्यासारखी वाटतात. दाढांचे उंचवटे सपाट झालेले दिसतात, जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटतात. लहान मूल दात खातं तेव्हा आपल्याकडे लगेच जंतांचं औषध देतात. जंत असतील तर ते औषध द्यायलाच हवं, पण दात खाण्याचं कारण म्हणून जंतांवर बोट ठेवायला भक्कम पुरावा नाही. बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयात आपोआप सुटते. मोठ्यांमध्ये ताणाचा संबंध जास्त दिसतो. कोरोनाच्या काळात, २०२१ च्या सुरुवातीला, अमेरिकन डेंटल असोसिएशननं तिथल्या दंतवैद्यांना विचारलं तेव्हा दात खाणाऱ्यांची आणि तडा गेलेल्या दातांची संख्या वाढल्याचं साठ टक्क्यांहून जास्त दंतवैद्यांनी सांगितलं. आपल्याकडच्या दवाखान्यांतही त्या दिवसांत अशा तक्रारी ऐकू येतच होत्या.

तिसरं कारण जुनी, मोठी फिलिंग. दाढेच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला इनॅमलच्या दोन आडव्या कडा असतात. पिंपाला पट्टे असावेत तशा त्या दाढेला बांधून ठेवतात. कीड काढताना या दोन्ही कडा गेल्या आणि मधोमध मोठं फिलिंग बसलं की गालाकडची भिंत आणि जिभेकडची भिंत सुट्या उभ्या राहतात. दर चावण्याला त्या किंचित वाकतात. वर्षानुवर्षं हे चाललं की बुंध्याशी तडा जातो. आपण ज्याला 'चांदी भरणं' म्हणतो ते फिलिंग अशा दाढांमध्ये फार दिसतं. चांदीचा दोष इतकाच की ती दाताला आतून चिकटत नाही, नुसती खाचेत बसते. खरा प्रश्न किती दात उरला हा आहे. खूप मोठी खाच सिमेंटनं भरली तरी धोका राहतोच. म्हणून "एवढं मोठं फिलिंग नको, कॅप घाला" असं डॉक्टर म्हणतात तेव्हा तो नेहमीच खर्च वाढवण्याचा डाव नसतो.

आणि चौथं कारण, ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त पोटतिडकीनं सांगावंसं वाटतं: रूट कॅनल करून कॅप न घालता सोडून दिलेली दाढ. हे इतकं सर्रास होतं! ठणका थांबतो, माणूस सुखावतो, पैशांची ओढाताण असते, लग्नसराई असते, आणि कॅप "पुढच्या महिन्यात" घालायची राहून जाते. सहा महिन्यांनी, वर्षानं दाढ उभी दुभंगते आणि तीच दाढ काढावी लागते. रूट कॅनलनंतर दात वाळून ठिसूळ होतो असं लोक मानतात. प्रत्यक्षात पाण्याच्या प्रमाणात पडणारा फरक अगदी किरकोळ असतो. दात कमकुवत होतो तो किडीनं आणि नसेपर्यंत पोचायच्या वाटेनं आतला भाग गेल्यामुळे. वर भिंती तेवढ्या उरतात. रूट कॅनलचे सगळे पैसे आणि वेळ वाचवायचा असेल तर दाढेवर कॅप लवकरात लवकर घाला. कॅप हा त्या उपचाराचाच शेवटचा भाग आहे. समोरच्या दातांना मात्र प्रत्येक वेळी कॅप लागतेच असं नाही. त्यांच्यावर जोर वेगळ्या प्रकारे पडतो आणि पुष्कळदा नुसतं भरणंही पुरतं.

सगळ्या दातांना सारखाच धोका नसतो. जबड्याचा सांधा कानापुढे असतो आणि त्याच्या जितकं जवळ जावं तितका जोर जास्त पडतो. म्हणून खालच्या दाढांना, त्यातही अक्कलदाढ सोडून शेवटून पहिल्या-दुसऱ्या दाढेला, तडा जास्त जातो. वरच्या उपदाढांचे (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्या मधल्या दोन छोट्या दाढांचे) उंचवटे टोकदार आणि मधली खाच खोल असल्यानं त्यांनाही. वय साधारण तिशीपासून साठीपर्यंत, म्हणजे फिलिंगं जुनी झालेली आणि चावण्याची ताकद अजून शाबूत, अशा काळात.

सगळे तडे सारखे नसतात

दंतवैद्यक तड्यांचे पाच प्रकार मानतं. इनॅमलपुरत्या वरवरच्या रेषा वर आल्याच, त्यांना उपचार लागत नाही. दुसऱ्या प्रकारात दाढेचा एखादा उंचवटा तुटतो, बहुधा फिलिंगच्या कडेनं. तुटताना घाबरायला होतं, पण हा त्यातल्या त्यात सुखाचा प्रकार. तुकडा बहुतेक वेळा नसेपर्यंत जात नाही आणि दात भरून किंवा कॅप घालून निभतो. तिसरा प्रकार म्हणजे वरून खाली, मुळाच्या दिशेनं सरकणारा तडा. दात अजून एकसंध असतो, पण भेग चालू असते. या लेखात आतापर्यंत जास्त बोललो ते याच्याबद्दल, कारण वेळेवर हात घातला तर वाचतो तो हाच. तो तसाच सोडला तर चौथ्या प्रकारात जातो: दात उभा दोन भागांत फुटतो आणि दोन्ही भाग वेगवेगळे हलतात. पाचवा प्रकार मुळातून वर येणारा, बहुतेक रूट कॅनल झालेल्या दातांत. त्यात दुखणं फार नसतं. हिरडीवर वारंवार फुटकुळी येते, पू येतो, जातो, आणि कित्येक महिने त्यावर गोळ्या घेण्यात जातात.

डॉक्टर तडा कसा शोधतात

एक्स-रे काढूनही तडा का दिसत नाही, हा प्रश्न रास्त आहे. बहुतेक तडे दाढेत पुढून मागे जातात. एक्स-रेचा किरण गालाकडून जिभेकडे जातो. म्हणजे तडा किरणाच्या वाटेत आडवा उभा राहतो आणि त्याची बारीक फट फिल्मवर उमटत नाही. थ्रीडी स्कॅनमध्येही केसाइतकी भेग अनेकदा निसटते. तड्यामुळे मुळाशेजारचं हाड झिजलं असेल तर ते मात्र त्यात कळतं. एक्स-रे तरीही काढतात, कारण कीड, मुळाशी पू, जुन्या फिलिंगखालचा खड्डा यांची शंका आधी मिटवायची असते.

खरा शोध चावण्याच्या चाचणीनं लागतो. प्लास्टिकची एक छोटी दांडी असते, तिच्या टोकाला लहानसा खोलगा. ती दाढेच्या एकाच उंचवट्यावर ठेवायची आणि म्हणायचं, "काकू, सावकाश चावा... अजून... धरून ठेवा... आता पटकन सोडा." एकेक उंचवटा करत पुढे जायचं. तीन उंचवट्यांना काकू शांत असतात. चौथ्याला, दांडी सोडता सोडता, खुर्चीचा हात घट्ट धरून "आई गं!" म्हणतात आणि लगेच म्हणतात, "हेच! हेच ते!" इतके दिवस नेमकं सांगता येत नव्हतं ते हाताशी आल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा जास्त असतं.

मग खात्री करायची. दाताच्या कडेला बारीक तेजस्वी दिवा लावतात. निरोगी दातातून उजेड पलीकडे पसरतो, तडा असेल तर उजेड तिथे अडतो आणि पलीकडचा भाग अंधारा दिसतो. कधी निळा रंग लावतात, तो भेगेत शिरून रेघ उठून दिसते. हिरडी आणि दात यांच्या मधल्या फटीची खोली सर्वत्र मोजतात. एकाच जागी, अरुंद आणि एकदम खोल माप आलं तर तडा मुळावर उतरल्याची ती वाईट खूण असते. थंड कापूस लावून नस किती चिडली आहे हे पाहतात. आणि जुनं फिलिंग असेल तर ते काढून मायक्रोस्कोपखाली तळ बघितल्याशिवाय पुष्कळदा पक्कं सांगता येत नाही. "फिलिंग काढून बघू" असं डॉक्टर म्हणाले तर त्याचा अर्थ हा असतो.

उपचार काय?

उपचाराचा मूळ हेतू एकच: तड्याच्या दोन्ही बाजूंनी फाकणं थांबवायचं. लाकडाच्या ओंडक्यात पाचर ठोकल्यावर चीर रुंदावते, तसं प्रत्येक घास या भेगेत करत असतो. दाढेला चहूबाजूंनी कॅपनं आवळलं की भिंती हलत नाहीत, द्रव हलत नाही आणि कळ थांबते. काही वेळा आधी स्टीलची कडी किंवा तात्पुरती कॅप बसवून दोन-चार आठवडे बघतात. दुखणं शमलं तर निदान बरोबर होतं आणि नस अजून सावरू शकते असं समजून कायमची कॅप घालतात. कॅप धातूची, धातूवर सिरॅमिकची किंवा झिर्कोनियाची असू शकते. तड्यासाठी उंचवटे पूर्ण झाकले जाणं महत्त्वाचं, साहित्य त्यानंतर. दाताचा बराच भाग शाबूत असेल तर पूर्ण कॅपऐवजी वरून उंचवटे झाकणारा तुकडा चिकटवूनही भागतं.

नस जिथे कायमची बिघडली आहे तिथे कॅपच्या आधी रूट कॅनल करावं लागतं. त्याच्या खुणा वेगळ्या असतात. काही न खाता आपोआप ठणकणं, रात्री झोप मोडणं, थंड पाण्यानंतर कळ अर्धा-एक मिनिट टिकणं, गरम चहानं दुखणं वाढणं. नुसती चावून सोडताना येणारी क्षणिक कळ असेल तर नस बहुधा वाचते. बहुधा, नक्की नाही. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नस सावरण्याजोगी असलेल्या, तडा गेलेल्या १२७ दातांना कॅप घातल्या होत्या. त्यातल्या सुमारे २१ टक्के दातांना सहा महिन्यांच्या आत रूट कॅनल करावं लागलं. याचा अर्थ पाचातल्या साधारण चार दातांचं तेवढ्या काळात कॅपवर भागलं. पण उरलेल्या एकाला पुढे कळ आली तर डॉक्टरांनी चूक केली असं समजू नये, आणि डॉक्टरांनीही ही शक्यता आधी सांगून ठेवावी. कॅपमधूनच छिद्र घेऊन रूट कॅनल करता येतं, कॅप वाया जातेच असं नाही.

तडा दाताच्या तळापर्यंत किंवा मुळात उतरला असेल, दात दुभंगला असेल तर तो काढावा लागतो. अनेक मुळांच्या दाढेत क्वचित एकच मूळ काढून बाकीची दाढ ठेवता येते. पण उभी दुभंगलेली दाढ चिकटवून देणारा खात्रीचा उपचार आज नाही, तसं कुणी सांगत असेल तर सावध राहा. काढलेल्या जागी इम्प्लांट किंवा ब्रिज बसवता येतो.

दात खाण्याची सवय असेल तर कॅपनंतर रात्री घालायचा नाइट गार्ड, म्हणजे दातांवर बसणारं प्लास्टिकचं आवरण, करून घ्यावा. तो तुमच्या दातांच्या मापानं बनवलेला हवा. त्यानं सवय सुटत नाही, पण जोर वाटला जातो आणि दात एकमेकांवर घासत नाहीत. हा खर्च लोक टाळतात आणि मग दुसऱ्या बाजूची दाढ तडकते.

डॉक्टरांकडे जाईपर्यंत

त्या बाजूनं चावू नका. फार थंड-गरम टाळा. दुखणं असह्य असेल तर पॅरासिटामॉल चालतं. लवंगेचं तेल कापसाच्या टोकाला किंचित लावून थोडा आराम मिळतो, कारण त्यातलं युजेनॉल बधिर करतं. पण कापूस तेलात भिजवून हिरडीवर दाबून ठेवू नका. मशेरी, तपकीर किंवा ॲस्पिरिनची गोळी दाढेत धरून ठेवण्याची रीत तर पूर्ण बंद करा. गोळीनं हिरडी अक्षरशः भाजते, आणि मशेरीतल्या तंबाखूचं पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको. मेडिकलमधून अँटिबायोटिकचा कोर्स स्वतःच घेऊ नका. चेहऱ्याला सूज किंवा ताप नसताना तड्याच्या दुखण्यावर त्याचा उपयोग नाही. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरत असेल, गिळताना किंवा तोंड उघडताना त्रास होत असेल तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

समोरच्या दाताचा तुकडा उडाला असेल तर तो फेकू नका. दुधात किंवा पाण्यात ओला ठेवून घेऊन जा. तुकडा चांगला असेल तर तोच पुन्हा चिकटवता येतो, आणि तो वाळलेला नसला तर जोड जास्त पक्का बसतो.

खर्चाची चिंता खरी आहे. खासगी दवाखान्यात कॅप आणि रूट कॅनल परवडत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईतलं महापालिकेचं नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय इथे हे उपचार कमी खर्चात होतात. गर्दी असते, दोन-चार खेपा पडतात, पण विद्यार्थ्यांचं काम वरिष्ठांच्या देखरेखीखाली चालतं आणि तड्याची तपासणी तिथे सावकाश, नीट होते.

जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून न्या: कळ पहिल्यांदा केव्हा आली, काय खाताना, चावताना की सोडताना, आणि थंड लागल्यावर किती वेळ राहते. दात खाण्याबद्दल घरच्यांना विचारून घ्या. त्या बाजूच्या दाढांमध्ये आधी काय काय भरलंय आणि केव्हा, हे आठवत असेल तर तेही. जुना एक्स-रे घरात असला तर तो सोबत घ्या, कारण नवा नि जुना शेजारी धरले की मुळाभोवतीच्या हाडात फरक पडलाय का हे लगेच बघता येतं.